मे महिन्यात तळ्यावर मरळ: अमेरिकन बासचे व्हिडिओ इथे कितपत चालतात?

गरीकार_डिचोली

नमस्कार मंडळी. वेर्ण्याला शिफ्टमध्ये काम करतो. गरी टाकायला मिळते ती सुट्टीच्या दिवशी, आणि त्या दिवशी उठेपर्यंत नऊ वाजलेले असतात. यंदा एक सेकंडहँड बेटकास्टिंग रील आणि सात फुटी रॉड घेतला. लहानपणी बांबूच्या काठीला गांडूळ लावून येईल तो मासा काढायचो, पण रॉड घेतल्यापासून डोक्यात फक्त मरळ आहे.

शिकवायला कोणी नाही, म्हणून यूट्यूबवर अमेरिकन लोकांचे लार्जमाउथ बासचे (तिकडचा गोड्या पाण्यातला शिकारी मासा) व्हिडिओ बघतो. उन्हाळ्याबद्दल बहुतेक जण एकच सांगतात. वरचं पाणी तापलं की मासा खोल जातो आणि थर्मोक्लाइनच्या (वरचं गरम आणि खालचं थंड पाणी यांच्यातली सीमा) जरा वर थांबतो, म्हणून काठ सोडा, जमिनीचं टोक पाण्यात घुसतं त्याच्या पुढे पंधरा-वीस फूट खोलीवर खोल जाणारा क्रँकबेट (माशाच्या आकाराचं टणक नकली आमिष) ओढा. मी तेच करतोय. आमच्या गावाजवळ एक तळं आहे (नाव सांगत नाही, गर्दी नको). त्याच्या बांधावर उभा राहून मधल्या खोल पाण्यात टाकतो. आजवर बुडालेल्या झाडांची खोडं तेवढी लागली. त्यांना मात्र माझे क्रँकबेट बरेच मिळाले.

मेमध्ये मरळ खरंच खोल जाते का? दुपारी काही चालतं का, की पहाटेच मरायचं? आणि फ्रॉग (आमिषाचा रबरी बेडूक) घ्यायचा तर कसला? कोंकणीत लिहिलंत तरी चालेल, फक्त इंग्रजी लिंका नकोत, त्या माझ्याकडे ढीगभर आहेत.

खाजनातलो

मरळ सोड, चणक (खाडीतला जिताडा) धर. उन्हाळ्यात गोड्या पाण्यावर घाम गाळण्यापेक्षा ओहोटीच्या वेळी खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या) मानशीपाशी, म्हणजे पाण्याच्या दारापाशी, जाऊन उभा राहा. मानस उघडली की आतलं पाणी बाहेर धावतं, त्याबरोबर बारीक मासळी आणि सुंगटं (कोळंबी) येतात, आणि चणक बाहेर तोंड वासून थांबलेली असते. जे मानशीचं राखण करतात त्यांना विचारून जा, नाहीतर बोलणी खाशील. मरळीला चिखलाचा वास येतो तो वेगळाच.

नाइटहॉल्ट

खाजनातल्याचं मनावर घेऊ नको. त्याला खारं पाणी दिसलं नाही तर हात चालत नाहीत. वासाचं नंतर बोलू.

मी बस चालवायचो, आता निवृत्त. सांगे-केप्याच्या बाजूला गाडी नाइट हॉल्टला लागायची आणि पहिली फेरी पावणेसातला. उजाडल्यापासून गाडी सुरू करेपर्यंत जेवढा वेळ, तेवढाच मासे मारायला. मेमध्ये सहाच्या सुमाराला सूर्य वर येतो, पण त्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी पाण्यावरचं पान दिसायला लागतं. मरळ मिळायची ती त्या वीस-पंचवीस मिनिटांत आणि पुढच्या अर्ध्या तासात. नऊला उठणाऱ्याचं काय करायचं तेही सांगतो, पण आधी हे ऐक.

व्हिडिओवाले खोटं बोलत नाहीत, ते त्यांच्या माशाचं सांगतात. बास कल्ल्यांनी श्वास घेतो. पाण्यातला प्राणवायू जिथे असेल तिथे त्याला जावं लागतं. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेसाठी पोकळी असते. ती वर येते, तोंडाने हवा घेते आणि खाली जाते. वर येऊ दिलं नाही तर पाण्यात असूनही गुदमरते, खाली रुतलेल्या जाळ्यातली मरळ बऱ्याचदा मेलेलीच निघते ती म्हणून. आता असा मासा वीस फुटांवर जाऊन कशाला बसेल? थोड्या थोड्या वेळाने वर यायचं, वर घारी फिरतायत, आणि दर खेपेला एवढं अंतर चढायचं-उतरायचं? ती कंबरभर, फार तर छातीभर पाण्यात बसते, डोक्यावर काहीतरी आडोसा धरून. तू बांधावरून जिथे टाकतोस तिथे रोहू-कटला असतील. मरळ तुझ्या समोरच्या टोकाला आहे, जिथे व्हाळ (ओढा) तळ्याला मिळतो तिथे.

मोठं धरण की लहान तळं, हे मेमध्ये आधी ठरवायचं. साळावली धरणाचं पाणी या दिवसांत इतकं उतरतं की कुर्डी वर येते. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं ते गाव, धरणात गेलेलं. मे महिन्यात तिथले जुने लोक सोमेश्वराच्या देवळाकडे जमतात, बाकीचे फोटो काढायला जातात. मला तिथे दिसतं ते एवढंच, की पाण्याची कड पावसाळ्यातल्या जागेपासून लांब सरकली आहे आणि काठचं गवत, झुडपं, सगळा आडोसा कोरड्यावर राहिला आहे. उघड्या लाल मातीला लागून पाणी. तिथे मरळ शोधायची म्हणजे जुन्या व्हाळाची चर, एखादं खोड, पडका गडगा, असं एकेक हुडकत चालायचं. मैलभर चालशील तेव्हा एक जागा. लहान तळ्याचं उलटं असतं. पाणी उतरलं तरी साळकं आणि केंदाळ पाण्याबरोबर खाली सरकतात, आणि आडोसा एकाच कोपऱ्यात दाटतो. मासाही तिथेच येतो. म्हणून उन्हाळ्यात मी लहान तळंच धरीन.

पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं रॉडला हात लावायचा नाही. पाण्यापासून चार पावलं मागे, झाडाच्या सावलीत उभं राहायचं आणि नुसतं बघायचं. तिलापिया वर येते तेव्हा बारीक बारीक वलयं उठतात, एकाच जागी पुन्हा पुन्हा. मरळ एकदाच येते. पाणी आधी जरा फुगल्यासारखं दिसतं, मग रुंद तोंड, 'टप्प' असा जड आवाज, आणि ती आत गेली की मागे बुडबुड्यांची रांग सुटते. ती रांग बघ. वलयावर टाकून उपयोग नाही, मासा तिथून गेला. बुडबुडे ज्या बाजूला वळले त्या बाजूला, पुढे दोन-तीन हात सोडून, आणि पलीकडे टाकायचं. फ्रॉग तिच्या डोक्यावर आपटला तर ती जाते आणि लवकर वर येत नाही.

फ्रॉग पोकळ घे, वरच्या अंगाला दोन गळ चिकटून बसलेला, म्हणजे पानांत अडकत नाही. लांबीला बोटभर पुरे. पहाटे काळा, ऊन आलं की हिरवा किंवा मातकट. याहून जास्त रंग दुकानदारासाठी असतात. मागचे रबरी पाय लांब असतात ते थोडे कापून टाक, नाहीतर मासा पाय धरतो आणि गळ तोंडाबाहेर राहतो. दोन-चार फेकींनंतर फ्रॉगमध्ये पाणी भरतं, ते दाबून काढायचं. दोरी चाळीस पौंडी ब्रेड (धाग्यांची विणलेली दोरी), त्याच्या खाली जाऊ नको. मासा तेवढा जड नसतो, पण तो केंदाळात घुसतो आणि मग तू मासा आणि पाच किलो पाला एकदम ओढतोस. ड्रॅग (रीलवरून दोरी सुटू देणारा ब्रेक) घट्ट.

पानांवरून फ्रॉग चालवत आणायचा आणि पानांमध्ये जिथे उघडं पाणी असेल तिथे थांबवायचा. जागच्या जागी दोनदा थरथरवायचा. पुन्हा थांबवायचा. नव्या पोरांना हे थांबणं जमत नाही, ते गिरणीसारखं रील फिरवत राहतात.

आणि पाणी फुटलं की लगेच झटका मारायचा नाही. बसमध्ये कंडक्टरच्या एका घंटेला ड्रायव्हर गाडी सोडत नाही, दोन वाजल्या की सोडतो. पाण्याचा फवारा ही पहिली घंटा. दोरी ताठ होऊन हाताला ओढ लागली की दुसरी. तेव्हा रॉड वर, पूर्ण ताकदीने, आणि मग थांबायचं नाही, सरळ ओढत काठाला आणायचं.

आता तुझे नऊ वाजतात त्याचं. सकाळी ऊन पूर्वेकडून येतं, म्हणून पूर्वेच्या काठाला झाडं किंवा डोंगर असेल तर तिथल्या पाण्यावर सावली दहा-साडेदहापर्यंत टिकते. तू तो काठ धर. संध्याकाळी पश्चिमेचा, तिथे चार-साडेचारलाच सावली पाण्यावर उतरते. मधल्या वेळेत घरी जेव आणि झोप. दुपारीच जायचं असेल तर जाड केंदाळाच्या कडेने, पाण्यावर वाकलेल्या बांबूखाली, अगदी सावकाश. मिळते, पण दहा ठिकाणी एकदा, आणि तोवर डोकं तापतं.

मिरगाआधी संध्याकाळच्या सरी येतात ना, त्या लक्षात ठेव. डोंगरात पाऊस पडून व्हाळाला पहिलं लाल पाणी आलं की त्या मुखापाशी किडे, बेडूक, बारीक मासळी सगळं वाहून येतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथे उभा राहा. आदल्या संध्याकाळी मात्र नको. ढग गडगडत असताना कार्बनचा रॉड उंच धरून पाण्याकाठी उभं राहणारे मी बघितलेत, त्यांना ओरडून घरी पाठवलंय.

एक गोष्ट तू विचारली नाहीस. या दिवसांत पाण्यावर बारीक पिल्लांचा गोळा दिसेल, पाणी उकळल्यासारखं खदखदताना. खाली आई-बाप असतात, राखण करत. त्या गोळ्यात फ्रॉग टाकला की मोठी मरळ हमखास धावते, भुकेने नाही, रागाने. हे सोपं आहे म्हणून काही लोक तेवढंच करतात, मोठा मासा हातात धरून फोटो काढतात आणि फुशारक्या मारतात. राखणदार गेला की तासाभरात बाकीचे मासे त्या पिल्लांचा फडशा पाडतात. गोळा दिसला की मी दुसऱ्या कोपऱ्यात जातो. तूही जा.

पाणथळ

नाइटहॉल्ट काकांनी सगळं सांगितलंय, मी मत्स्यशास्त्र शिकले म्हणून थोडी भर घालते.

पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. पण बासच्या व्हिडिओतला खरा मुद्दा खालच्या थराचा आहे. उन्हाळ्यात वरचं गरम, हलकं पाणी आणि खालचं थंड, जड पाणी एकमेकांत मिसळत नाही. खाली पाला-गाळ कुजत राहतो, तो असलेला प्राणवायू संपवतो, आणि वरून नवा येत नाही. म्हणून बास 'खोल' जातो म्हणजे तळाला जात नाही, त्या सीमेच्या वर थांबतो. आपल्याकडे वरच्या आणि खालच्या पाण्यात फरक थोड्याच अंशांचा असतो. पण गरम पाण्यात एकेका अंशाने घनता जास्त बदलते, त्यामुळे तेवढ्या फरकानेही थर पक्के बसतात. मेमध्ये खोल तळ्याचा तळ कल्ल्यांवर जगणाऱ्या माशाला राहण्यासारखा नसतो. म्हणजे गरीकार, तुझा क्रँकबेट खोडांत अडकला नसता तरी त्याला बघायला खाली फारसं कोणी नव्हतं.

दुसरं, बाससुद्धा सगळे खोल जात नाहीत. ज्या तळ्यात पाणवनस्पती दाट आहेत तिथे बरेच बास भर उन्हाळ्यात उथळ पाण्यात, पाल्याच्या छपराखाली राहतात, आणि अमेरिकन लोक तिथे पोकळ फ्रॉगच वापरतात. तू क्रँकबेटचे व्हिडिओ सोड आणि ते बघ. त्याहून चांगलं म्हणजे फ्लोरिडाचे बघ. आपल्या फुलमरळीच्या जवळची एक मरळ तिथल्या ब्रोवर्ड काउंटीत २००० साली सापडली, कोणीतरी सोडलेली असणार, आणि आता त्या भागातल्या कालव्यांत ती चांगलीच रुजली आहे. तिथले लोक बासचंच सामान घेऊन ती पकडतात. त्यांच्यासाठी ती बाहेरून आलेली कीड, म्हणून पकडली की परत सोडू नका असं सांगतात. तेवढं मात्र इथे लागू करू नकोस. आपली मरळ इथली मूळची.

पिल्लांबद्दल काकांशी शंभर टक्के सहमत. नर बासही घरट्याची आणि पिल्लांची राखण करतो, आणि तिथेही घरट्यावरचा मासा उचलावा की नाही यावरून वाद होतात.

आता कंटाळवाणं पण गरजेचं. नेत्रावळी आणि म्हादई अभयारण्यांच्या हद्दीत गरी टाकायची नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ते अंगाशी येईल. धरणं जलस्रोत खात्याची, तिथे आधी विचारावं. गावचं तळं असेल तर कोमुनिदाद (गावाच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था) किंवा पंचायतीची पावणी (लिलाव) असते, पावणी ज्याने घेतलीय त्याच्याशी बोलून घ्यावं. मगरी फक्त कुंभारजुव्याच्या कालव्यात असतात या भ्रमात राहू नका. गुडघाभर पाण्यात उतरून केंदाळातला फ्रॉग सोडवायला जाण्याआधी आजूबाजूच्या लोकांना विचारा. फ्रॉग तीन-चारशेचा असतो.

आणि तुटलेली ब्रेड तिथे टाकून येऊ नका. कमळपक्ष्यांचे पाय लांब बोटांचे, ती दोरी त्यात गुंतते आणि कुजतही नाही. कुडचड्याचं नंदा तळं २०२२ मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आलं, गोव्यातलं पहिलं, तिथल्या काठावरही मी दोरीची गुंतवळं उचलली आहेत.

गरीकार_डिचोली

काका, ताई, किती आभार मानू. घंटेचं वाक्य रॉडवर लिहून ठेवतो. आमच्या तळ्याला पूर्वेला काजूची बाग आहे, झाडं अगदी पाण्यापर्यंत. तिकडे मी कधी गेलोच नाही, कारण बांधावर बाइक लावता येते.

आणखी एक. आमच्याकडे बंद पडलेल्या खाणींचे खड्डे पाण्याने भरलेत, पाणी निळंशार. मित्र म्हणतो तिथे मोठ्या मरळी आहेत. जावं का?

नाइटहॉल्ट

नको. निळं पाणी म्हणजे पाला नाही, आणि काठ सरळ खाली गेलेला. कंबरभर पाण्याची पट्टी मिळाली तर एखाद्या पायरीवर मिळेल. मासा असेलही, पण टाकायला जागा नाही.

पाणथळ

आणि काठाची माती भुसभुशीत असते, वरून टणक दिसते आणि पायाखालून सुटते. पडलात तर वर चढायला हाताला काही लागत नाही. शिवाय ती खासगी जागा. काजूच्या बागेकडे जा.

खाजनातलो

सगळं ठीक, पण वासाचं कोणी बोललंच नाही.

नाइटहॉल्ट

बोलतो. वास येतो तो बुळबुळीचा आणि साचलेल्या पाण्याचा. मरळ घरी आणली की चुलीची राख चोळायची, बुळबुळ पूर्ण निघेपर्यंत. राख नसेल तर जाडं मीठ आणि तांदळाचं पीठ. मग खवलं काढून, पोटातली काळी पापुद्री बोटाने खरवडून काढायची, लोक ती तशीच ठेवतात आणि माशाला नावं ठेवतात. तुकडे करून हळद-मीठ आणि सोलांचं आगळ लावून अर्धा तास ठेव. हुमण बांगड्याचं करतो तसंच, फक्त तिरफळं चार जास्त, ठेचून, आणि तुकडे उकळी आल्यावर घालायचे. मरळीचं मांस घट्ट, बांगड्यापेक्षा थोडं जास्त शिजू दे. जूनमध्ये ट्रॉलर बंद झाले आणि बाजारात बर्फातली मासळी आली की खाजनातल्या, माझ्याकडे जेवायला ये. चणकीचा विषय काढायचा नाही, एवढीच अट.

खाजनातलो

येतो. सुंगटांचं लोणचं घेऊन येतो.

गरीकार_डिचोली

मीही आलो तर चालेल का?

नाइटहॉल्ट

मरळ तू आणायची. पाच वाजताचा गजर लाव.